‘बदलून बघू’ नावाचा रोग

हा लेख चिडून लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. चिडलोय तीन जणांवर: बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या पहिल्या माणसावर, बॉयलर बनवणाऱ्यांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. तुम्हीही माझ्यासारखे संगणकावर पोट भरणारे असाल, तर थोडासा तुमच्यावरही. रागावू नका, शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट जानेवारीतली. स्थळ लीड्स. रात्रीचं तापमान उणे पाच. घरात आठ महिन्यांची मुलगी, नातीसाठी म्हणून सांगलीहून आलेली आई, बायको, मी, आणि पहाटे पाच वाजता बंद पडलेला बॉयलर. रेडिएटर गार, नळाचं पाणी गार. मुलीच्या खोलीत १२ अंश. आई स्वेटरवर स्वेटर, त्यावर शाल घालून बसलेली आणि तोंडाने म्हणत होती, “मला काही नाही रे होत, तू पोरीचं बघ.” असं आई म्हणाली की आपल्याला जास्तच अपराधी वाटतं, हे वेगळं सांगायला नको.

भारतातल्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडात बहुतेक घरांत एक पांढरी पेटी भिंतीवर टांगलेली असते. तिला म्हणतात कॉम्बी बॉयलर. गॅसवर चालतो आणि दोन कामं करतो. एरवी तो घरभर रेडिएटरमधून पाणी गरम करून फिरवतो. तुम्ही गरम पाण्याचा नळ सोडला, की आतला एक व्हॉल्व्ह वळतो आणि तीच उष्णता नळाच्या पाण्याला मिळते. गरम पाण्याची वेगळी टाकी नाही. त्यामुळे जागा वाचते, पण पेटी बसली की आंघोळ आणि ऊब दोन्ही एकदम जातात. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला तंत्रज्ञ आला. गृहस्थ सभ्य होते, बूट काढून आत आले. त्यांनी रीसेट दाबलं आणि बॉयलर लगेच पेटला! (हे तुमच्या माझ्या हापिसात रोज घडतं. युजर रडत येतो, आपण जाऊन बघतो, तर सगळं व्यवस्थित.) त्यांनी गॅसचा दाब मोजला, तो ठीक होता. एरर कोड पाहिला. “ज्योत लागत नाही म्हणतोय. मधेच होतं, मधेच नाही. म्हणजे पीसीबी. बदलून बघू.”

आणि मी, गेली बारा वर्षं प्रॉडक्शनमधले बग शोधून पगार घेणारा प्राणी, मान डोलावली. एकही प्रश्न विचारला नाही. ४१० पौंड गेले.

चौथ्या दिवशी पहाटे पाचला बॉयलर पुन्हा बंद. फोन केला. उत्तर आलं, “मग गॅस व्हॉल्व्ह असेल. तो बदलून बघू.”

इथे माझं टाळकं सरकलं.

विचार करा. तुमच्या टीममधला नवीन पोरगा आला आणि म्हणाला, “सर्व्हिस रात्री कधीकधी पडते, मदरबोर्ड बदलून बघू या,” तर तुम्ही काय कराल? आधी चहा पाजाल आणि मग विचाराल: लॉग बघितलास का? किती वाजता पडते? रोज पडते की काही दिवशीच? पडते तेव्हा आजूबाजूला काय चालू असतं? हे प्रश्न आपण झोपेतही विचारू. मग आपल्याच घरात, आपल्याच पैशाने, आपलंच पोर कुडकुडत असताना ते का सुचत नाहीत? कारण आपण मनाशी ठरवून टाकलंय की ही पेटी ‘आपलं काम नाही’. त्यासाठी माणूस येतो, तो बघेल.

त्या सकाळी आईने बॉयलरसमोर उभं राहून एक प्रश्न विचारला. “अरे, ह्याची आग कुठून दिसते?”

सांगलीच्या घरी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मधे उभी नळी, तिच्यात जळण, भोवती पाणी, खाली जाळी आणि राख पडायला जागा, बाजूला तोटी. पाणी तापलं नाही, तर घरातलं शेंबडं पोरही तपासू शकायचं. पाणी पुरेसं आहे का? जळण पेटलंय का? वरून धूर जातोय का? खालची राख साचली नाही ना? दहांत आठ वेळा राखच असायची. जाळी बुजली की हवा लागत नाही आणि आग धुमसत राहते. सळई घालून राख पाडली की पुन्हा धग. ‘बंब बदलून बघू’ असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

मी आईला म्हणालो, “आई, ह्याची आग दिसत नाही, आत बंद असते.” ती म्हणाली, “मग आवाज तरी ऐक. बंद पडायच्या आधी हुक्क्यासारखं गुडगुडतंय ते. दोन्ही वेळा ऐकलंय मी.” आई पहाटे चारला उठते. घटना घडताना जागी असलेली घरातली एकमेव साक्षीदार तीच होती. तिला ना तंत्रज्ञाने विचारलं, ना मी.

मग मात्र लाज वाटली आणि जे पहिल्या दिवशी करायचं ते पाचव्या दिवशी केलं. फ्रिजवर कागद चिकटवला. रकाने चार: वेळ, बाहेरचं तापमान, कोड, आवाज. चार रात्री नोंद केली. निकाल असा: बॉयलर बंद पडतो तो फक्त पहाटे चार ते सातमध्ये. तेही बाहेर उणे दोनच्या खाली असेल तेव्हाच. मधल्या दोन रात्री तापमान शून्याच्या वर होतं, तेव्हा तक्रार नाही. गुडगुड प्रत्येक वेळी आधी. आणि अकरा वाजल्यानंतर रीसेट केलं की हमखास चालू. आता मला सांगा, कुठला पीसीबी बाहेरचं तापमान बघून पहाटे आजारी पडतो आणि अकरा वाजता बरा होतो?

मॅन्युअल काढलं. (ते ड्रॉवरमध्ये होतं. घर घेतल्यापासून उघडलं नव्हतं. तुमचंही तिथेच असेल.) अर्ध्या तासात उत्तर सापडलं.

गॅस जळला की कर्बवायूबरोबर पाण्याची वाफही तयार होते. जुने बॉयलर ती वाफ धुराड्यातून सोडून द्यायचे. हल्लीचे बॉयलर ‘कंडेन्सिंग’ असतात. रेडिएटरमधून परत आलेल्या, त्यामानाने थंड पाण्याने ते हे गरम वायू ५५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली आणतात. मग त्या वाफेचं पाणी होतं आणि एरवी वाया जाणारी उष्णता कामी येते. गॅस वाचतो. पण ते पाणी कुठेतरी सोडायला हवं. त्यासाठी एक प्लास्टिकचा पाइप असतो, तो गटारापर्यंत जातो. आमचा पाइप भिंतीतून बाहेर पडून तीन मीटर उघड्यावरून जात होता. सव्वीस मिलिमीटरसुद्धा नाही, चांगला साडेएकवीस मिलिमीटरचा बारकासा पाइप, उतार जवळजवळ नाही आणि मधे झोळ आलेला. त्या झोळात पाणी साचायचं, पहाटे त्याचा बर्फ व्हायचा, मागून येणारं पाणी तुंबून थेट बॉयलरच्या पोटात चढायचं. तीच ती गुडगुड. वायूंना बाहेर जायची वाट बुजली की ज्योत टिकत नाही. बॉयलर ज्योत डोळ्यांनी बघत नाही, ज्योतीतून जाणारा अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतो. तो मिळाला नाही की दोन-चार प्रयत्न करून तो स्वतःला कुलूप लावतो आणि ‘ज्योत नाही’ असा कोड दाखवतो. कोड खोटं बोलत नव्हता. पण ‘ताप १०२’ हे काही निदान नव्हे.

थोडक्यात, आईचा बंबच तो. फक्त या बंबाची राख म्हणजे पाणी, आणि ती साचली होती.

पुढच्या थंड पहाटे त्या पाइपावर कोमट पाणी ओतलं. उकळतं नाही हं, उकळत्याने पाइप तडकू शकतो आणि सांडलेल्याचा पुन्हा बर्फ होऊन आपण पडतो ते वेगळंच. झोळावर गरम पाण्याची पिशवी ठेवली. पाच-सात मिनिटांत आतून भळ्ळकन पाणी गेल्याचा आवाज आला. एकदा रीसेट. बॉयलर पेटला. आई आतून म्हणाली, “राख पडली वाटतं.” :-)

मग दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं. म्हातारे गृहस्थ. पेटीला हात लावायच्या आधी त्यांनी दहा मिनिटं प्रश्न विचारले. फ्रिजवरचा कागद वाचला, बाहेर जाऊन पाइप बघितला आणि हसले. ३२ मिलिमीटरचा पाइप, मीटरमागे ४५ मिलिमीटरचा उतार, वरून इन्शुलेशन. दोन तासांचं काम, १४० पौंड. त्यानंतर उणे सहाची रात्रही येऊन गेली. बॉयलर हूं की चूं करत नाही. पीसीबीचे पैसे? “बसवलेला भाग परत घेता येत नाही,” असं लेखी उत्तर आलं. असो.

आता मुद्द्यावर येतो. हे काही गूढ ज्ञान नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ सालापासून नवीन गॅस बॉयलर, थोडे अपवाद सोडले तर, कंडेन्सिंगच बसवावा लागतो. २०१० चा डिसेंबर ब्रिटनमध्ये १९१० पासूनच्या नोंदींतला सर्वात थंड डिसेंबर होता, तेव्हा असे पाइप देशभर गोठले होते. म्हणजे या धंद्यातल्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असायलाच हवं. आणि पहिल्या गृहस्थांना ते ठाऊक असणारच! अडचण ज्ञानाची नव्हती. अडचण होती विचारायला वेळ नसण्याची. दिवसाला आठ घरं, प्रत्येकी अर्धा तास. निदान करायचे पैसे कुणी देत नाही, भाग बसवायचे देतात. मग निदान कोण करेल? भाग बदलणं हेच निदान होऊन बसतं. चुकलं तर पुढचा भाग. हे प्रयोग चालतात गिऱ्हाइकाच्या खिशावर. याला दुरुस्ती म्हणायचं असेल तर मटका लावणाऱ्यालाही संख्याशास्त्रज्ञ म्हणा.

बॉयलर बनवणाऱ्यांचंही ऐका. प्रणालीतल्या पाण्याचा दाब कमी होणं हा अगदी नेहमीचा प्रकार. तो व्हेलंटवर एफ २२, आयडियल लॉजिकवर एफ १, बॅक्सीच्या बऱ्याच मॉडेलांवर ई ११९. अहो, एका साध्या गोष्टीला ही तीन नावं कशाला? ‘पाणी कमी आहे’ एवढं लिहायला किती जागा लागते? काही नव्या मॉडेलांवर वाक्यं दिसू लागली आहेत, चांगलं आहे. पण लाखो भिंतींवर अजून कोडच लुकलुकतायत. आपण असा एरर मेसेज लिहिला असता तर कोड रिव्ह्यूमध्येच कान पिळला गेला असता.

आणि आता आपण. मित्रमंडळींत हे सांगितलं तर तीन ठरावीक उत्तरं आली.

पहिलं: “माझ्या तासाचा दर बघ, हे करत बसण्यापेक्षा माणूस बोलावणं स्वस्त.” बरं. मी दोनदा माणूस बोलावला, त्यासाठी दोन दिवस घरी बसलो, ४१० पौंड पाण्यात घातले, पोर आठवडाभर पहाटे थंडीत. कागद चिकटवायला दोन मिनिटं लागली होती. कर हिशोब.

दुसरं: “महिन्याचं कव्हर घेऊन टाक, कटकट नाही.” जरूर घ्या. पण कव्हरवाल्याकडूनही माणूसच येणार, तोही दुपारीच येणार, तेव्हाही बॉयलर चालूच असणार. पहाटे पाचला काय झालं ते त्याला कोण सांगणार? साक्षीदार तुम्हीच.

तिसरं जरा वजनदार आहे: “गॅसशी खेळ नको, धोका आहे.” शंभर टक्के मान्य. आपल्याकडे हिवाळ्यात बंद बाथरूममध्ये गॅस गीझरने गुदमरून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. म्हणूनच ब्रिटनमध्ये गॅसचं काम फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नाव असलेल्या माणसानेच करायचं असा कायदा आहे (२००९ च्या एप्रिलपर्यंत ही नोंदणी कॉर्गीकडे होती). त्याचं ओळखपत्र मागून बघा, लाजू नका. बॉयलरचं कव्हर तुम्ही उघडायचं नाही, ज्वलनाशी संबंधित कशालाही हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, मीटरजवळचा कॉक बंद करा, विजेचं बटण दाबू नका, बाहेर पडा आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करा. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर असं घरात सगळ्यांनाच व्हायला लागलं तरी तेच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर आजच आणा, हा लेख नंतर वाचा.

पण बघायला, ऐकायला आणि लिहून ठेवायला कुठल्या कायद्याने बंदी केली आहे? दुरुस्ती त्यांची, निरीक्षण आपलं. या दोन गोष्टींची गल्लत करून आपण आपल्या आळसाला सुरक्षिततेचं नाव देतो.

तेव्हा ऊब आणि गरम पाणी गेलं, तर फोन उचलायच्या आधी एवढं करा.

एक. दोन्ही गेलंय की एकच? नळाला गरम पाणी आहे पण रेडिएटर गार, तर आधी खोलीतला थर्मोस्टॅट (त्याचे सेल!), टायमर, मग आतला दिशा बदलणारा व्हॉल्व्ह. रेडिएटर गरम पण नळाला कोमट, तर पुन्हा तोच व्हॉल्व्ह, किंवा नळाच्या पाण्याचा हीट एक्स्चेंजर, किंवा प्रवाह मोजणारा सेन्सर. दोन्ही गेलं असेल तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टी बघा.

दोन. सामाईक म्हणजे वीज, गॅस, पाणी, ज्योत, निचरा. डिस्प्ले लागतोय का? नसेल तर भिंतीवरच्या स्विचमधला फ्यूज. शेगडी पेटते का? प्रीपेड मीटर असेल तर पैसे शिल्लक आहेत का? हसू नका, बरेच लोक इथेच सापडतात.

तीन. दाबाचा काटा. बॉयलर थंड असताना साधारण १ ते १.५ बार हवा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे फिलिंग लूपने पाणी भरा आणि व्हॉल्व्ह नीट बंद करा. पण दर आठवड्याला भरावं लागत असेल, तर भरत बसू नका. कुठेतरी गळती आहे, किंवा आतल्या एक्स्पान्शन व्हेसलची हवा गेली आहे. तसं असेल तर गरम झाल्यावर काटा ३ बारकडे चढतो, सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो आणि थंड झाल्यावर काटा खाली. हा चढउतार लिहून ठेवला, तर तंत्रज्ञाचं अर्धं काम झालं.

चार. आवाज. पंखा फिरतो का? ठिणगीची टिकटिक होते का? गुडगुड आहे का? आणि बाहेर गोठवणारी थंडी असेल तर तो पाइप.

पाच. रीसेट एकदा, फार तर दोनदा. तीस वेळा नाही. बॉयलर कुलूप लावतो ते काहीतरी कारण असतं म्हणून.

सहा. वेळ, तापमान, कोड, काटा, आवाज. कागदावर. आणि तंत्रज्ञ ‘बदलून बघू’ म्हणाला की शांतपणे एक प्रश्न विचारा: “हाच भाग बिघडलाय हे कशावरून कळलं? माझ्या नोंदी त्यात बसतात का?” चांगला तंत्रज्ञ या प्रश्नाने खूश होतो. आमचे म्हातारबुवा झाले होते. जो चिडेल त्याला चहा देऊन निरोप द्या.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी एक शेपूट. इंग्लंडात घर उबदार ठेवणाऱ्या आणि पाणी तापवणाऱ्या यंत्रणेची दुरुस्ती ही घरमालकाची जबाबदारी आहे, १९८५ च्या कायद्याचं ११ वं कलम. तोंडी तक्रार करू नका, तारीखवार नोंद जोडून ईमेल करा. ‘बॉयलर नीट चालत नाही’ या वाक्याला एजंट सोमवारपर्यंत थांबवू शकतो. ‘या चार तारखांना, या वेळांना, घरात आठ महिन्यांचं बाळ असताना १२ अंश’ याला थांबवणं त्याला जड जातं.

आई मार्चमध्ये सांगलीला परत गेली. फ्रिजवरचा कागद मी अजून काढलेला नाही. शेवटच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलंय, “५.१० – गुडगुड. ५.२५ – बंद. पोरीला माझ्या पांघरुणात घेतलं.” ४१० पौंडांचं दुःख कधीच विसरलो. पण ही शेवटची ओळ पहिल्याच रात्री लिहिली गेली असती, तर पुढच्या पहाटे तिला ती पुन्हा लिहावी लागली नसती, ते मात्र अजून टोचतं.